दहा आणे आठ पै

काही वस्त्या देवळाभोवती वाढतात, काही किल्ल्याच्या आडोशाने. आमचं हैदराबादचं अफझलगंज वसलं ते दाण्यागोट्यासाठी. पाचवा निझाम अफझल-उद-दौला (कारकीर्द 1857 ते 1869) याने मुसी नदीच्या उत्तर काठची जमीन धान्याच्या व्यापाऱ्यांना देऊन टाकली आणि त्यांनी तिथे गोण्या रचल्या. पुढे शेजारी उस्मानगंज झालं, महाराजगंज झालं. बेगम बझार तर आधीपासून होताच. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला कशाचा भाव काय हे ठाऊक असावंच लागतं. नसलं तर शेजारी शिकवतात. नवीन बिऱ्हाड आलं की इतर शहरांत लोक गाव आणि आडनाव विचारत असतील. आमच्या गल्लीत पहिला प्रश्न 'तूरडाळ कुठून आणली?' आणि दुसरा 'कितीला?' उत्तर ऐकून विचारणारा नुसता 'अच्छा' म्हणाला, तर समजावं की आपण किलोमागे दहा रुपये तरी जास्त दिलेत.

मी उस्मानगंजातल्या एका तेलाच्या पेढीवर हिशेब लिहितो. दिवसभर लाखांचे आकडे माझ्या हाताखालून जातात आणि संध्याकाळी घरी आलो की कोथिंबिरीची जुडी वीसला का आणली याचा खुलासा द्यावा लागतो. घरचा जमाखर्च सौभाग्यवतींकडे आहे. पेढीचं ऑडिट वर्षातून एकदा होतं, माझं रोज.

बाहेरच्यांना वाटतं, यांचं काय, घाऊक बाजारात राहतात, सगळं स्वस्तात मिळत असेल. मिळतं ना. पण घाऊक बाजारातला स्वस्त माल घ्यायला आधी पैसे फार लागतात. बेगम बझारात पाव किलो जिरं मागणाऱ्याकडे दुकानदार अशा काही नजरेने बघतो की माणूस आपोआप 'एक किलो' म्हणतो. त्या एका नजरेपायी आमच्या घरात आजवर काय काय येऊन पडलं आहे! एका वर्षी लवंग घाऊक भावात सापडली म्हणून सौ.ने किलोभर घेतली. पाच माणसांच्या घरात किलोभर लवंग! भातात लवंग, चहात लवंग, कपड्यांच्या कपाटात लवंग. तरी डबा खाली जाईना. शेवटी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्रत्येकीला लवंगेची पुडी लुटली. त्या वर्षी गल्लीत कुणाची दाढ दुखली म्हणून ऐकलं नाही. वाचले किती, हे मी विचारलं होतं. उत्तर आलं, "वाणाचे पैसे वाचले की." हिशेबनीस म्हणून मला यात खोट दिसते, पण ती कुठल्या खात्यावर टाकायची ते अजून ठरलेलं नाही.

काटकसरीला या शहरात राजमान्यता आहे, हेही सांगितलं पाहिजे. सातवा निझाम मीर उस्मान अली खान हा जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून 'टाइम' साप्ताहिकाच्या 22 फेब्रुवारी 1937 च्या अंकाच्या मुखपृष्ठावर झळकला. त्याच्याकडे 184 कॅरटहून अधिक वजनाचा जेकब हिरा होता, टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून तो हिरा वापरायचा. ओढायचा मात्र चारमिनार सिगारेट. म्हणजे जी हमाल ओढायचे तीच. त्याची ही गोष्ट आमच्या घरात सारखी सांगितली जाते, विशेषतः मी नवीन चप्पल घ्यायचं म्हटलं की. फरक एवढाच की त्याला शाळेची फी भरायची नव्हती. मुलं पुष्कळ होती, पण शाळा काय, 1918 साली स्थापन झालेलं अख्खं विद्यापीठ त्याच्या नावाचं होतं. आमच्या नावाचं शाळेत एक थकबाकीचं पान तेवढं आहे.

आता आजीचं सांगतो. आजी म्हणजे माझी आई. वय 78, जन्म उदगीरचा. थोरल्या भावाकडे उदगीरला सहा महिने आणि आमच्याकडे सहा महिने, असा तिचा सरकारी अधिवेशनासारखा कार्यक्रम असतो. तेलंगणात 9 डिसेंबर 2023 पासून बायकांना आरटीसीच्या साध्या आणि एक्स्प्रेस बसमध्ये फुकट प्रवास सुरू झाला. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. त्याला सगळे झिरो तिकीट म्हणतात. आमच्या घराची दोन भागांत फाळणी झाली ती त्या दिवशी. सौ. आणि कन्या फुकट. मी पूर्ण तिकीट, चिरंजीव अर्धं. तेव्हापासून चौघांनी मिळून कुठे जायचं ठरलं की सौ. म्हणते, "तुम्ही दोघं चालत या, आम्ही पुढे जाऊन जागा धरतो." अफझलगंजच्या थांब्यावर त्या दोघी बसमध्ये चढतात, आणि नयापूल ओलांडून चारमिनारकडे जाणाऱ्या गर्दीत माझा हात धरून चालणारा माझा मुलगा मला विचारतो, "बाबा, आपण पुरुष का झालो?"

फुकटच्या बसने बचत होते की नाही, यावर माझं स्वतंत्र मत आहे. पूर्वी सिकंदराबादला जायचं तर जाऊन-येऊन भाड्याचा विचार व्हायचा. आता भाडं नाही म्हटल्यावर सौ. तिथल्या बाजारात दहा रुपयांनी स्वस्त मिळणाऱ्या टॉवेलसाठी जाते आणि तिथे गेल्यावर बाकीच्या वस्तूंचीही दया येते. शून्याच्या तिकिटावर बाराशेची खरेदी होऊन आलेली मी पाहिली आहे. त्यावर बोलण्याची सोय नाही, कारण तिकीट पुढे केलं जातं. त्यावर स्वच्छ छापलेलं असतं: शून्य.

तर आजी. तिला वाटलं, आपणही बाई आहोत. कोठीला जाण्यासाठी ती मोठ्या तोऱ्यात बसमध्ये चढली आणि आधार कार्ड पुढे केलं. कंडक्टरने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "अम्मा, हे महाराष्ट्राचं आहे. फक्त तेलंगणावाल्यांना फ्री. पैसे द्या." आधारवर पत्ता उदगीरचा! आजीने चष्मा नीट केला आणि बस चालू असताना त्याला इतिहास सांगायला घेतला. उदगीर बीदर जिल्ह्यात होतं. बीदर निझामाच्या राज्यात होतं. त्या राज्याची राजधानी हे तुझं हैदराबाद. मी जन्मले तीच मुळी या राज्यात. 1956 साली दिल्लीवाल्यांनी नकाशावर रेघा मारल्या, त्यात माझं काय चुकलं? कंडक्टर चांगला माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तिकिटाचे पैसेही घेतले.

घरी आल्यावर आजीच्या आधारवरचा पत्ता बदलायचा का, यावर घरात दोन दिवस खल झाला. कारण महाराष्ट्रात 75 वर्षांवरच्यांना एसटी फुकट आहे, 2022 च्या ऑगस्टपासून. पत्ता बदलला तर हैदराबादेत फुकट, पण उदगीर-लातूर-अंबाजोगाईला पैसे. नाही बदलला तर उलट. मध्ये बीदर लागतं. तिथे कर्नाटकाने 11 जून 2023 पासून 'शक्ती' योजनेत बायकांना फुकट प्रवास दिला, पण तो कर्नाटकातल्या बायकांना. म्हणजे एके काळच्या एकाच राज्याच्या तीन तुकड्यांत तिन्ही सरकारं आपापल्या बायकांना, नाहीतर म्हाताऱ्यांना, फुकट फिरवत आहेत, आणि हैदराबादहून उदगीरला जाणाऱ्या आमच्या आजीला निम्म्याहून जास्त वाटेचं भाडं पडतं. तिने बोटांवर मोजून निर्णय दिला: "पत्ता तिकडचाच राहू दे. तिकडे देव जास्त आहेत." तुळजापूर, परळी, औंढा धरून हिशेब बरोबर होता.

आजीचं गणित पक्कं आहे याचं कारण तिचे वडील. त्यांचं उदगीरला किराण्याचं दुकान. निझामाच्या राज्याचं नाणं वेगळं असायचं, हाली सिक्का. इंग्रजांचा तो कलदार रुपया. सहा कलदार म्हणजे सात हाली. शंभर कलदाराचे 116 रुपये 10 आणे 8 पै हाली. हाली 1959 पर्यंत चलनात होता, त्यामुळे लहानपणी आजीला पाढ्यांबरोबर हा उताराही पाठ करावा लागला, आणि तो अजून तिच्या जिभेवर आहे. आजही कुठलीही मोठी रक्कम कानावर पडली की ती आधी हालीत करून बघते. हालीत रक्कम वाढते, म्हणजे दुःखही वाढतं. तरी करून बघते.

गेल्या वर्षी कन्येच्या शाळेचं फीचं पत्रक आलं. आठवी, 70,000 रुपये. आजीने नेहमीप्रमाणे विचारलं, "हालीत किती?" कन्येने कागद ओढला: सत्तर हजार गुणिले सात, भागिले सहा. "81,666 रुपये, 10 आणे, 8 पै." आजी थोडा वेळ विचार करत राहिली. मग मला म्हणाली, "उद्या शाळेत जाशील तेव्हा बोलून बघ. वरचे दहा आणे आठ पै तरी सोडा म्हणावं."

मी गेलो आणि बोललो नाही. फीच्या खिडकीपलीकडे बसलेली मुलगी इतकी गोड हसते की तिच्याशी आण्यांत बोलणं शोभत नाही.

मी स्वतः जांबागेतल्या विवेकवर्धिनीत शिकलो. 1907 सालची शाळा. केशवराव कोरटकरांसारख्या मंडळींनी हैदराबादच्या मराठी पोरांसाठी उभी केलेली. तिच्या नावात विवेक होता आणि तो वाढायचा, अशी एक प्रामाणिक समजूत होती. आताच्या शाळांच्या पाट्या वाचल्या तर छाती दडपते. टेक्नो स्कूल. त्याच्यापुढे ई-टेक्नो. कॉन्सेप्ट. ऑलिम्पियाड. सहावीपासून आयआयटी फाउंडेशन, म्हणजे पोराच्या दुधाच्या दाढा पडायच्या आधीच पाया भरायला घ्यायचा. पाटीवर शब्द वाढला की फीमध्ये शून्य नाही तरी एखादा आकडा वाढतोच. चिरंजीवांची शाळा नुसती 'टेक्नो' आहे, तिची 55,000. कन्येची 'ई' लावलेली आहे. त्या एका ईकारासाठी आम्ही 15,000 जास्त देतो, असं मी एकदा जेवताना म्हणालो आणि मुलीने ते शाळेत जाऊन सांगितलं. तेव्हापासून पालकसभेत मागच्या बाकावर बसतो.

दोघांची मिळून सव्वा लाख. त्यातले साठ टक्के जूनमध्ये, पहिल्या टर्मला. म्हणजे 75,000. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फी दिली म्हणजे सुटलो, असं शाळा मानत नाही. पुस्तकं. आम्ही पुस्तकं रविवारी अबिड्सच्या फुटपाथवरून घेतो, नाहीतर कोठीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून. अर्ध्या किमतीत मिळतात. त्यात आधीच्या मालकाने पेन्सिलीने उत्तरं लिहिलेली असतील तर दुकानदार ते वैशिष्ट्य म्हणून सांगतो: "सर, सॉल्व्ड है." चिरंजीवांना असं एक सोडवलेलं गणिताचं पुस्तक मिळालं. तीन महिने त्याचा गृहपाठ इतका झटपट व्हायचा की सौ.ने देवाला नारळ फोडला. मग चाचणी झाली. बाई म्हणाल्या, बाकीची मुलं वेगवेगळं चुकतात, तुमचा मुलगा एका ठरावीक पद्धतीने चुकतो. पुस्तकाच्या पहिल्या पानावर आधीच्या मालकाचं नाव आणि वर्ग होता. तो मुलगा आता कुठल्या इयत्तेत असेल ठाऊक नाही, पण त्याच्या चुका आमच्याकडे अर्ध्या किमतीत आल्या होत्या.

वह्यांचं अजून कठीण. मार्चमध्ये दोघांच्या वह्यांची उरलेली कोरी पानं मी स्वतः सोडवतो, सारखी करतो आणि पुलापलीकडे छत्ता बझारात नेऊन बांधून घेतो. तिथे लग्नपत्रिकांचे छापखाने आहेत. बाइंडिंगवाला ओळखीचा आहे. दर वर्षी चार जाडजूड वह्या होतात. एका वर्षी त्याने पुठ्ठा संपला म्हणून बाहेरून लग्नपत्रिकेच्या उरलेल्या कागदाचं कव्हर घातलं. सोनेरी वेलबुट्टी, वर उर्दूत निकाहचं निमंत्रण, आणि आत चौथीचं सामान्य विज्ञान. वर्गात त्या वहीला फार मान मिळाला. दुसऱ्या दिवशी शाळेची चिठ्ठी: फक्त शाळेच्या शिक्क्याच्या वह्याच चालतील, काउंटरवर उपलब्ध. चारही वह्या परत आल्या. आता त्यांत सौ. घरखर्च लिहिते. निकाहच्या पत्रिकेखाली दूध, भाजी, इस्त्री.

मग भाषा. 2018 च्या कायद्याने तेलंगणातल्या शाळांत तेलुगू सक्तीचं झालं. बरोबरच आहे, जिथलं पाणी प्यायचं तिथली लिपी यायला हवी. माझ्या वडिलांच्या पिढीने उर्दू काढली, मुलं तेलुगू काढतील. पण ही पोरं घरी मराठी, शाळेत इंग्रजी, रिक्षात दखनी बोलतात, आणि तेलुगूच्या पेपरात चारही मिळून लिहितात. शिकवणी लावायची तर महिन्याला हजार. इथे काटकसरीने खरा मार्ग काढला. वरच्या मजल्यावरच्या अक्का निवृत्त तेलुगू शिक्षिका. त्या कन्येला तेलुगू शिकवतात, मी त्यांच्या नातवाचं गणित घेतो. पैशांचा संबंध नाही. सणाला इकडून पुरणपोळी वर जाते, तिकडून बोब्बट्लू खाली येतं. दोन्ही एकच पदार्थ आहेत. पण देवाणघेवाण झाली पाहिजे ना!

याच अक्का चिट्टी चालवतात.

महाराष्ट्रात भिशी म्हणतात, ती वेगळी. तिथे चिठ्ठी निघते किंवा पाळी लागते. आमच्याकडे चिट्टीचा लिलाव होतो. वीस माणसं, वीस महिने, प्रत्येकी 5,000. दर महिन्याला लाख जमतात. ज्याला गरज आहे तो बोलतो, मला लाखाऐवजी कमी चालतील. जो सर्वांत जास्त सोडायला तयार, त्याला चिट्टी. सोडलेल्या रकमेतून आधी लाखाचे पाच टक्के चालवणाऱ्याला जातात, उरलेली सगळ्यांत वाटली जाते, म्हणजे त्या महिन्याचा हप्ता तेवढा कमी होतो. साध्या महिन्यात, समजा भाद्रपदात, आठ-दहा हजारांवर चिट्टी सुटते. दिवाळीत चढते. लग्नसराईत आणखी. पण जून!

जूनच्या पहिल्या रविवारी आमच्या जिन्याच्या वळणावर वीसच्या वीस हजर. एरवी निम्मे फोनवर बोली लावतात. अक्का वरच्या पायरीवर बसलेल्या, मांडीवर वही, कानामागे पेन. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सबकू जूनमेंच होना बोले तो कैसा जी?"

कुणी उत्तर दिलं नाही. सगळ्यांच्या खिशात शाळेची पत्रकं होती.

दहा हजारांपासून सुरू झालं. बारा. पंधरा. इस्त्रीवाल्याने सोळा म्हटलं आणि स्वतःच घाबरून खाली बसला. तळमजल्यावरचं निवृत्त जोडपं, ज्यांची दोन्ही मुलं टेक्सासला आहेत, ते खुर्च्या टाकून बसले होते. त्यांना चिट्टी नको असते, ते फक्त डिव्हिडंड खातात. दर बोलीला काका समाधानाने मान हलवत. दुसऱ्यांच्या पोरांच्या फीवर त्यांच्या जूनच्या आंब्यांचा खर्च निघतो. अठरा. वीस. एकवीस. सौ.ने तोंड उघडलं ते बावीसला. मी मागे उभा राहून मनात लाखातून वजा करत होतो. आम्हाला हातात 75,000 हवे होते. म्हणजे पंचवीसच्या पुढे आम्हाला एक रुपया सोडता येत नव्हता, आणि ते आमच्याशिवाय कुणाला कळता कामा नये होतं. सौ.चा चेहरा अशा वेळी इतका निर्विकार होतो की वीस वर्षं संसार करूनही मला तो वाचता येत नाही. साखर संपली आहे हे सांगतानाही तो तसाच असतो.

समोर एकच उरला, मागच्या गल्लीतला ऑटोवाला. त्याचा मुलगा इंटरला, त्याचं कॉलेज टेक्नोच्याही पुढचं. तेवीस, चोवीस. सौ. म्हणाली, "पच्चीस." शांतता. ऑटोवाल्याने छपराकडे बघितलं. त्याचेही ओठ हलत होते, तोही वजाबाकी करत होता. मग म्हणाला, "जाने दो भाबी, लेलो. मैं जुलाईमें लेतूं. कालेजवाले थोडे दिन रुकते." काकांनी खुर्ची आवरली. थोडे नाराज दिसले. त्यांना तीसपर्यंत जाईल असं वाटत होतं.

अक्कांनी वहीत लिहिलं: 25,000 सुटले, पाच हजार त्यांचे, वीस हजार वीस जणांत, म्हणजे डोई हजार. त्या महिन्याचा हप्ता सगळ्यांना चार हजारच पडला. कन्या जिन्याच्या कठड्यावर बसून हे सगळं बघत होती. रात्री तिने वहीचं एक पान भरलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "बाबा, लाखाला आपण पंचवीस हजार सोडले. बँकेचं कर्ज याच्यापेक्षा स्वस्त पडलं असतं." व्याज तिने बरोबर काढलं होतं, ई-टेक्नोचा एवढा उपयोग झाला. मी ते पान सौ.ला दाखवलं. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "बँकेत ऑटोवाला आहे का?"

यावर कन्येकडे सूत्र नव्हतं. जुलैत ऑटोवाल्याला चिट्टी नुसत्या अक्कांच्या पाच टक्क्यांवर सुटली. त्याच्याविरुद्ध कुणी बोली लावली नाही. लावायला एकजण निघाला होता, अक्कांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. काकांचं डिव्हिडंड बुडालं, ते त्यांनी आंब्यांचा मोसम संपल्यामुळे मनावर घेतलं नाही.

फी भरल्याच्या संध्याकाळी आम्ही चौघं इराण्याकडे जातो. तीन चहा पाच कपांत सांगायचे. वेटरला सवय आहे. बरोबर उस्मानिया बिस्किटं. उस्मानिया दवाखान्यातल्या रोग्यांसाठी ती आधी बनली असं सांगतात. फी भरून आलेल्या माणसाला ती चालतात, याचा अनुभव आहे. पाचवा कप आजीसाठी बाटलीत भरून घरी न्यायचा.

कन्येच्या अभ्यासाची जागा म्हणजे स्टेट सेंट्रल लायब्ररी, जुनं नाव आसफिया. 1891 साली सुरू झालेली, 1936 पासून आमच्या अफझलगंजात. उंच छत, मोठे पंखे, भाडं नाही. स्पर्धा परीक्षांची पोरं सकाळी दार उघडायच्या आधीच रांगेत असतात. पाण्याची बाटली, उशी, डबा, सगळा संसार घेऊन. सुट्टीत कन्या तिथे जाऊन बसते, घरचा पंखा आणि दिवा वाचतो. मीही रविवारी जातो. सौ.चं म्हणणं, तुम्ही दोघं तिकडे गेलात की घरात एकदा तरी शांतपणे हिशेब जुळतो.

नोव्हेंबरमध्ये शाळेकडून आणखी एक पत्रक आलं. 'मनी मॅनेजमेंट' नावाची दोन दिवसांची कार्यशाळा: मुलांना लहान वयातच बचतीचं महत्त्व पटावं, अनावश्यक खर्च कसा टाळावा, घरचं अंदाजपत्रक कसं करावं. सक्तीची. फी 1,200. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याने एक गल्ला आणायचा, शाळेचं चिन्ह असलेला, काउंटरवर उपलब्ध, 350 रुपये.

आजीने हे दोनदा वाचून घेतलं. हालीत विचारलं नाही.

1,200 तर भरावे लागले. गल्ल्याचं काम सौ.ने अंगावर घेतलं. मातीचा गल्ला बेगम बझारात चाळीसला मिळतो. तिथे एक देत नाहीत, म्हणून सहा आले. घरी काउंटरवरच्या शिक्क्याच्या वहीचं कव्हर होतंच, गेल्या वर्षीचं. कन्येने त्यावरचं शाळेचं चिन्ह गोल कापून खळीने गल्ल्यावर चिकटवलं, वर मेणबत्ती फिरवून चकाकी आणली. कार्यशाळेत बाईंनी सगळ्यांचे गल्ले तपासले. आमचा हातात घेऊन म्हणाल्या, याची क्वालिटी यंदा फार छान आली आहे.

उरलेले पाच गल्ले कन्येने वर्गात दोनशेला एक असे विकायला काढले आहेत. चार गेले. पाचव्यासाठी बाई विचारत आहेत, तर सौ. म्हणते, बाईंना दीडशेत दे.